वाचकांचे प्रश्न : नदीकाठची सोबत

प्रश्न : प्रभूत सलाम. आमच्या तरुण संघातला एक मित्र वर्षभर उपासनेला आलेला नाही. त्याला गळाने मासे धरायची फार आवड. त्याच्यासोबत तापीवर जावे आणि तिथे विश्वासाचा विषय काढावा, असे मनात आहे. ‘माणसे धरणारे’ हे वचन डोळ्यांसमोर आहे. सुरुवात कशी करू? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : जरूर जा. पण त्या वचनाचा एक बारकावा आधी ध्यानात घ्या. लूक 5:10 मध्ये ‘धरणे’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘जिवंत धरणे’. गळाला लागलेला मासा मरतो. प्रभूने पेत्राला सांगितलेले काम जीव राखण्याचे आहे. मित्राला आमिष दाखवून धरायला निघालात, तर दुसऱ्या खेपेला तो येणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी खरोखर मासेच धरा, आणि मन लावून धरा.

उजाडायच्या आत काठावर पोचा. उन्हाळ्यात ऊन चढले की मासा खोल पाण्यात सरकतो आणि आमिषाला तोंड लावत नाही. प्रत्येकाची आपली काठी असू द्या. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, 0.30 मिलिमीटरचा पुरे. आमिषासाठी दोन वाट्या कणीक आणि एक वाटी बारीक कुटलेली शेंगदाण्याची पेंड घ्या. पाणी चमच्याचमच्याने घालून पुरीच्या कणकेसारखे घट्ट मळा आणि अर्धा तास ओल्या फडक्यात ठेवा. सैल झाले तर फेकतानाच गळून पडते आणि पुढचा तासभर रिकाम्या गळाकडे बघत बसावे लागते. गोळी हरभऱ्याएवढी करा. मोरपिसाच्या देठाचा तरंगा लावलात, तर शिसे एवढेच लावा की तो उभा राहून बोटभर वर दिसेल. शिसे कमी पडले तर तो पाण्यावर आडवा लोळतो आणि माशाने आमिष चाखून सोडले तरी कळत नाही.

खरी मेख खोलीत आहे. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या. अर्ध्या तासात काहीच हालचाल झाली नाही, तर तरंगा तंगुसावर हातभर वर किंवा खाली सरकवा, म्हणजे गळाची खोली बदलते. मित्राचेही असेच बघा. कुणी मंडळीतल्या एका शब्दाने दुखावलेला असतो, कुणी कर्जाच्या लाजेने तोंड लपवतो, कुणाची प्रार्थनाच आटलेली असते. एकाच खोलीवर सगळ्यांना गाठता येत नाही. एक साधा प्रश्न विचारा आणि थांबा. नवशिका तरंगा थरथरताच झटका मारतो आणि मासा घालवतो. तो सरळ बुडावा किंवा एका बाजूला ओढला जावा, मग काठी उचलायची. मित्र म्हणाला, “मी येत नव्हतो, पण कुणी विचारलंसुद्धा नाही,” तर ती पहिली थरथर आहे. तिथे वचन काढू नका. त्याला पुढे बोलू द्या.

न्याहारी मात्र विसरू नका. योहान 21 मध्ये प्रभूने काठावर कोळशाचा विस्तव, मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. तरी त्याने शिष्यांना त्यांनी धरलेल्यातले मासेही आणायला सांगितले. पेत्राला ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा अवघड प्रश्न त्याने विचारला तो खाणे झाल्यावर, 15व्या वचनात. ज्या पेत्राने कोळशाच्या विस्तवाजवळ उभे राहून त्याला नाकारले होते (योहान 18:18), त्याच्याशी हे बोलणे विस्तव पेटवलेल्या काठावरच झाले. तोच क्रम धरा : आधी कळण्याची भाकर आणि ठेचा, मग अवघड बोलणे. भाकर तुम्ही न्या, ठेचा त्याला आणू द्या. सगळे तुम्हीच आणलेत तर तो पाहुणा होतो.

आणखी दोन गोष्टी. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो; आधी विचारा. आणि पावसाळ्यात पात्रात उतरू नका. वर तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की इकडे पाऊस नसतानाही पाणी चढते.

प्रश्न : मी आणि माझा मित्र सहा महिने दर शुक्रवारी एकत्र प्रार्थना करतो. काहीच घडत नाही. थांबावे का? (एक भगिनी, जळगाव)

उत्तर : लूक 5:2 वाचा. रात्रभर हाती काही न लागलेले कोळी सकाळी जाळी धूत होते. सुताचे जाळे गाळ-शेवाळासह ओले पडले तर कुजते, म्हणून रिकाम्या रात्रीनंतरही धुणे चुकत नाही. आजचे नायलॉनचे जाळेही धुऊन सावलीत वाळवावे लागते, कारण उन्हाने धागा कच्चा होतो. जाळ्याची फाटकी आस (विणीतले घर) त्याच दिवशी सांधतात, नाहीतर पुढच्या ओढीला भोक हातभर होते. तुम्ही दोघे या शुक्रवारी मागणी बाजूला ठेवा. एकमेकांत काही ताणले आहे का, क्षमा मागायची राहिली आहे का, ते पाहा. हे जाळे धुणे आहे. थांबू नका.

प्रश्न : भागीत जाळे घेतले. आता वाटणीवरून मित्राशी बोलणे बंद आहे. तोही आमच्याच मंडळीतला. (एक वाचक, नवापूर)

उत्तर : मत्तय 18:15 प्रमाणे आधी त्याला एकट्याला भेटा, पंचांकडे किंवा पाळकांकडे नंतर. जाताना वही न्या. जाळे, दोरी, शिसे, गाडीभाडे यांवर कोणी किती खर्च केला ते दोघांनी मिळून लिहा. आलेल्या पैशांतून तो खर्च आधी ज्याचा त्याला द्या, उरलेले निम्मे-निम्मे. घरी खायला नेलेली मासळीही वजन करून धरा; भांडण बहुतेक तिथेच सुरू होते. लूक 5:10 मध्ये याकोब आणि योहान यांना शिमोनाचे, म्हणजे पेत्राचे, भागीदार म्हटले आहे, आणि त्या ग्रीक शब्दाचे मूळ आपण मंडळीत ज्याला ‘सहभागिता’ म्हणतो त्या शब्दाशी एकच आहे. हिशेब चुकता झाला की पुढच्या खेपेची वाटणी पाण्यात जाळे टाकण्याआधीच ठरवा आणि त्याच वहीत दोघांनी सही करा.