आईबाबांना घेऊन व्हेगास: खोलीच्या भावाला भुलू नका

तुमचा बेत मला समजला तो असा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फीनिक्सहून गाडीने व्हेगासला जायचंय. तुम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले आईबाबा. शुक्रवार ते सोमवार स्ट्रिपवर (मोठमोठ्या हॉटेल-कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर) राहायचं, कॅसिनो बघायचा, तिथूनच ग्रँड कॅनियन करायचा, आणि हे सगळं खिशाला फार चाट न लावता. मी लॉस एंजेलिसच्या बाजूला राहते. गेल्या चौदा वर्षांत आमच्याकडे भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मी व्हेगासला नेऊन आणलंय, आणि सुरुवातीला पैसेही भरपूर घालवलेत. म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तारीख बदला, कृपा करून. २०२३ पासून थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी तिथे फॉर्म्युला वनची मोटारशर्यत होते, आणि ती चक्क स्ट्रिपच्या रस्त्यावरून धावते. त्या दिवसांत खोल्यांचे दर चढतात, रस्ते बंद असतात, बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यासमोर प्रेक्षकांचे स्टँड उभे असतात. म्हणजे पैसे जास्त मोजायचे आणि जे बघायला गेलो तेच नीट दिसायचं नाही. जानेवारीच्या सुरुवातीला सीईएसचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन असतं, तेव्हाही तीच गत. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला रोडिओ (घोड्या-बैलांवर स्वार होण्याच्या स्पर्धा) संपला की नाताळापर्यंत जे थोडे दिवस उरतात, ते वर्षातल्या स्वस्त दिवसांपैकी असतात. मुलीच्या शाळेला तेव्हा सुट्टी लागली असेल तर रविवारी जा आणि बुधवारी परत या. शुक्रवार-शनिवारच्या रात्री टाळल्या की अर्धी लढाई जिंकलीच. शिवाय २०२५ मध्ये व्हेगासला येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा बरीच घटली. त्यामुळे हॉटेलं सवलती देऊ लागली आहेत, तेवढं बघत राहा.

आता खोलीचा भाव. इथेच बहुतेक आपली माणसं फसतात. समजा रविवारच्या रात्रीची खोली ४५ डॉलरला दिसली. त्यावर रिसॉर्ट फी, म्हणजे हॉटेलातल्या सोयींसाठी सक्तीने घेतलेले पैसे, धरा आणखी ४५. तुम्ही पोहण्याच्या तलावाकडे ढुंकूनही बघितलं नाहीत तरी ती द्यावीच लागते. या दोन्हींवर मिळून सुमारे १३.४ टक्के कर, म्हणजे १०२ डॉलर झाले. गाडी लावायचे दिवसाला २० धरले की १२२. हीच खोली शनिवारी १८० ची झाली की त्याच हिशोबाने २७५ वर जाते. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या नियमानुसार रिसॉर्ट फी धरूनच भाव आधी दाखवावा लागतो, ही फार चांगली गोष्ट झाली. पण कर आणि पार्किंग त्यात नसू शकतं. म्हणून दोन हॉटेलांची तुलना करताना कागदावर चार ओळी मांडा: खोली, फी, कर, गाडी. ७० डॉलरची खोली ४५ च्या खोलीपेक्षा स्वस्त पडलेली मी कितीदा पाहिली आहे. हिल्टन हॉटेलांच्या सभासदत्वाचे पॉइंट साठले असतील तर पूर्ण पॉइंटवर घेतलेल्या खोलीला ते रिसॉर्ट फी लावत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर करा आणि त्याआधी त्यांचं फुकटचं सभासदत्व घ्या. सभासदांचा दर बहुतेक वेळा कमी असतो. मुख्य म्हणजे असं बुकिंग सहसा दोन-तीन दिवस आधीपर्यंत रद्द करता येतं (करताना अट वाचून घ्या). मी दर आठवड्याला एकदा भाव बघते आणि उतरला की जुनं रद्द करून नवं घेते. गेल्या वेळी तीन रात्रींमागे असे ११० डॉलर वाचले. पैसे परत न मिळणारं, आधीच पूर्ण भरायचं बुकिंग दहा-पंधरा डॉलर स्वस्त दिसलं तरी आईबाबा बरोबर असताना घेऊ नका. कुणाचं पोट बिघडलं की संपलं.

कुठे राहायचं याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे सांगतील स्वस्तात स्वस्त घ्या. मी म्हणेन, म्हाताऱ्या माणसांसाठी रात्रीमागे वीस-तीस डॉलर जास्त गेले तरी चालतील, पण कॅसिनो नसलेली, सिगारेटचा धूर नसलेली आणि छोटं स्वयंपाकघर असलेली जागा बघा. व्हिडारा आणि एमजीएम ग्रँडशेजारचं सिग्नेचर या दोन्ही तशा इमारती आहेत. नेवाडात कॅसिनोत आजही सिगारेट ओढता येते, आणि बहुतेक हॉटेलांत खोलीकडे जायची वाट त्या धुरातूनच जाते. कॅसिनोसकट धूरमुक्त हवं असेल तर पार्क एमजीएम हॉटेल आहे. माझ्या आईला दमा आहे, पहिल्या वर्षी तिला तीन दिवस त्यातून नेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

स्वयंपाकघराचा फायदा सकाळी सहाला कळतो. स्ट्रिपवरच्या नेहमीच्या खोलीत चहाची किटली नसते, मायक्रोवेव्ह नसतो. खाली जाऊन पाच जणांचा चहा-कॉफी आणि एकेक मफिन घेतलं की चाळीसेक डॉलर गेलेच. आईबाबांना तर तो चहा आवडतही नाही. घरून छोटी इलेक्ट्रिक किटली, चहापत्ती, साखर, दुधाची पावडर न्या. गाडीने जाताय तर पोह्यांची पिशवी, दशम्या, मेतकूट, लोणचं सगळं मावतं. पाण्याच्या बाटल्यांची पेटी फीनिक्समध्येच कॉस्टकोतून घ्या, खोलीत ठेवलेल्या पाण्याला हात लावू नका. मिनीबारलाही नाही. बऱ्याच हॉटेलांत त्याच्या खाली सेन्सर असतो, वस्तू उचलली की बिलात चढते, आणि स्वतःचं दही ठेवायला त्यातल्या वस्तू बाजूला केल्या तरी पैसे लागू शकतात. मुलीला हे आधीच सांगून ठेवा. एक वेळचं जेवण बाहेर, मस्त, मनासारखं करा. बाकी दोन वेळा खोलीत.

आता कॅसिनोत पैसे लावून खेळण्याबद्दल. इथे मला मनापासून सांगायचंय, कारण बाकीची बचत या एका ठिकाणी तासाभरात बुडते.

माझे सासरे ३५ वर्षं बँकेत कॅशियर होते. पैशाला अतिशय जपणारा माणूस. पहिल्या रात्री त्यांनी २० डॉलर लावले आणि त्याचे ७० झाले. दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर ते एकटेच खाली गेले. पहाटे दोनला मी शोधायला गेले तेव्हा ३२० डॉलर गेले होते आणि ते म्हणत होते, "गेलेले तेवढे वसूल करतो आणि उठतो." परतीच्या वाटेवरच्या बार्स्टो गावापर्यंत ते कुणाशीही बोलले नाहीत. त्यांना पैशाचं नव्हे, स्वतःचं वाईट वाटत होतं.

तेव्हापासून आमच्याकडे पाकीट असतं. माणशी ४० डॉलर, रोख, निघण्याआधी घरीच भरलेलं. पाकीट रिकामं झालं की खेळ संपला, जिंकलेले त्यात परत घालायचे नाहीत. बाकीची कार्डं खोलीतल्या तिजोरीत. कॅसिनोतल्या एटीएमला तर हात लावू नका. पैसे काढायचेच आठ-दहा डॉलर तिथे लागतात, क्रेडिट कार्डावर काढले तर वर व्याज. हे ४० डॉलर करमणुकीच्या तिकिटासारखे गेलेलेच धरा.

जुगाराच्या मशिनवर (यालाच स्लॉट म्हणतात) 'पेनी' लिहिलेलं असतं म्हणून आईबाबांना वाटतं एका पैशाचा खेळ. प्रत्यक्षात एका फेरीला कमीत कमी ५० सेंट किंवा जास्तच लागतात. हिशोब करून बघा: फेरीला १ डॉलर लावला, तासात ६०० फेऱ्या सहज होतात, आणि मशीन सरासरी शंभरातले १० ठेवून घेतं असं धरलं तर तासाला ६० डॉलर गेले. म्हणजे वेगच महाग पडतो. सावकाश खेळा, प्रत्येक फेरीनंतर थांबा, गप्पा मारा. खेळणाऱ्याला पेयं फुकट मिळतात, आणून देणारीला डॉलर-दोन डॉलर टिप ठेवा. रूलेट (आकड्यांच्या फिरत्या चाकाचा खेळ) खेळावंसं वाटलं तर चाकावर शून्यं किती ते मोजा. एक शून्य असेल तर शंभरामागे सरासरी २.७० जातात, दोन असतील तर ५.२६, आणि हल्ली स्ट्रिपवर तीन शून्यांची चाकं आली आहेत, त्यांवर ७.६९. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर कापडावरच छापलेलं असतं, ३ ला २ की ६ ला ५. दहा डॉलरच्या डावावर ब्लॅकजॅक (एक्का आणि दहा किमतीचं पान) आला तर पहिल्यात १५ मिळतात, दुसऱ्यात १२. ६ ला ५ चं टेबल दिसलं की पुढे चला.

तुमच्या खेळाची नोंद ठेवणारं कॅसिनोचं प्लेयर्स कार्ड जरूर घ्या, फुकट असतं. पण "एवढे पॉइंट झाले की बुफे फुकट" या हिशोबाने एक डॉलरही जास्त लावू नका. तुम्ही किती खेळलात त्यावरून तुमचं सरासरी किती नुकसान व्हायला हवं हे कॅसिनो मोजतो, आणि त्यातलाच एक छोटा तुकडा जेवणाच्या रूपात परत देतो. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: आईबाबा भारतीय पासपोर्टवर पाहुणे म्हणून आले आहेत. त्यांना स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागलाच तर ३० टक्के कर तिथल्या तिथे कापतात. पासपोर्ट जवळ असू द्या. मुलीला मशिनपाशी थांबता येणार नाही, २१ वर्षांखालच्यांना नुसतं वाटेवरून चालत जाता येतं. तेव्हा मोठ्यांनी पाळीपाळीने खेळा.

फुकट बघण्यासारखं इतकं आहे की दोन दिवस पुरत नाहीत. बेलाजिओचं कारंजं संध्याकाळी पुन्हा पुन्हा होतं, त्याच हॉटेलातली फुलांची बाग ऋतूप्रमाणे बदलते. फ्लेमिंगोच्या अंगणात खरे फ्लेमिंगो आहेत, मुलीला तिथून हलवणं कठीण जाईल. रात्री फ्रीमाँट स्ट्रीटच्या छतावरचा दिव्यांचा खेळ बघा. स्फिअर, म्हणजे बाहेरून चित्रांनी उजळणारी मोठी गोल इमारत, बाहेरूनच बघा, आत जायचं तिकीट महाग आहे आणि बाहेरचं रूप पुलावरून छान दिसतं. हॉटेलं नकाशावर शेजारी दिसली तरी चालायला लांब आहेत. मँडले बे ते एक्सकॅलिबर आणि पार्क एमजीएम ते बेलाजिओ या दोन ट्राम फुकट आहेत, बाकीसाठी स्ट्रिपवरून धावणाऱ्या ड्यूस बसचा २४ तासांचा पास. आईंचे गुडघे दुखत असतील तर दिवसाला स्ट्रिपचं एकच टोक करा.

ग्रँड कॅनियन मात्र व्हेगासहून करू नका. व्हेगासच्या सहली स्वस्तात नेतात ती बहुतेक वेस्ट रिमला (पश्चिम काठाला), तो हुआलापाई या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, राष्ट्रीय उद्यानात नाही. आपल्या डोळ्यांपुढे जो कॅनियन असतो तो साउथ रिमचा (दक्षिण काठाचा). तो व्हेगासपासून सुमारे २८० मैल आणि तुमच्या फीनिक्सपासून २२५ च्या आसपास आहे. घरून वेगळा शनिवार-रविवार काढून जा. त्याऐवजी हूवर धरण तुमच्या वाटेवरच आहे, यूएस ९३ ने जाताना. धरणावर चालायला पैसे लागत नाहीत, आणि माझे बाबा तिथे जितके रमले तितके स्ट्रिपवर नव्हते रमले.

राहता राहिलं, रस्त्यात हसतमुखाने "शोची तिकिटं फुकट देतो" म्हणणारी माणसं. बदल्यात टाइमशेअर (सुट्टीच्या घरात वर्षातले काही दिवस राहण्याचा हक्क) विकणारं भाषण ऐकावं लागतं. नव्वद मिनिटं सांगून आम्हाला चार तास बसवलं होतं, सासूबाई उपाशी. शो बघायचाच असेल तर स्ट्रिपवरच्या सवलतीच्या तिकिटांच्या खिडकीवर त्याच दिवशी सकाळी विचारा.

नवी तारीख ठरली की इथे लिहा, आणि आईबाबांपैकी कुणाला चालायला त्रास आहे का तेही. त्या आठवड्यातले भाव कागदावर मांडून तीन हॉटेलं सुचवते.