फ्लटरमध्ये अ‍ॅप केलं तर खरंच निम्मं काम वाचतं का?

तुम्ही लिहिलंय की जावा बऱ्यापैकी येतं, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालेल असं अ‍ॅप करून द्यायचं एक काम हातात येतंय. फ्लटर (एकाच कोडमधून दोन्ही फोनांसाठी अ‍ॅप बनवायचं गुगलचं साधन) रोज वापरणाऱ्यांचा अनुभव काय आणि एकाच कोडमुळे निम्मं काम वाचतं का, हे तुम्हाला हवंय.

माझ्या अनुभवात स्क्रीन बनवण्याचं काम जवळजवळ निम्मं होतं. अ‍ॅपला फोनच्या बाहेरच्या एखाद्या वस्तूशी बोलायचं असेल, तर ते काम जराही कमी होत नाही, उलट कधीकधी वाढतं. त्यामुळे तुमचं अ‍ॅप काय करणार आहे, हे कळल्याशिवाय कुणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत असेल तर त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका.

मी कोल्हापूर भागात दूध संस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान टीममध्ये आहे. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घेऊन येतात. काट्यावरून लिटर येतात, फॅट मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) येतं, दरपत्रकातून दर निघतो, पावती छापली जाते आणि दहा दिवसांचं बिल निघतं. आमचं अ‍ॅप हे सगळं करतं आणि ते फ्लटरमध्ये आहे. माझा अनुभव अशा कामाचा आहे. तुम्ही गेम किंवा व्हिडिओचं काही करणार असाल तर तो तुमच्या कामाचा नाही.

आधी चांगलं सांगतो. फ्लटरचा कोड डार्टमध्ये लिहितात आणि ही भाषा जावावाल्याला परकी वाटत नाही. क्लास, इंटरफेस, जेनेरिक्स सगळं ओळखीचं आहे. गुगलने ती २०११ मध्ये ब्राउझरसाठी म्हणून आणली होती, तिथे तिला कुणी फारसं विचारलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटर १.० आलं आणि तिचं नशीब उघडलं. तिचा मोठा फायदा असा, की काम चालू असताना कोड धावता-धावता कंपाइल होतो आणि शेवटी रिलीज करताना थेट मशीन कोड बनतो. हॉट रिलोड जे म्हणतात ते यामुळेच जमतं. संस्थेचे सचिव शेजारी बसून ‘फॅटचा आकडा मोठा करा, चष्मा काढला की दिसत नाही’ म्हणतात, तुम्ही फाइल सेव्ह करता आणि त्यांच्या हातातल्या टॅबवर आकडा तिथल्या तिथे मोठा होतो. आधी भरलेली माहितीही तशीच राहते. मात्र इनिटस्टेटमधला (स्क्रीन सुरू होताना एकदाच चालणारा) कोड बदललात तर हॉट रिलोडने तो पुन्हा चालत नाही, हॉट रिस्टार्ट द्यावा लागतो, म्हणजे सगळं पहिल्यापासून सुरू होतं. नवीन मुलं यावर हमखास तासभर डोकं आपटतात.

डिबग बिल्ड (काम चालू असतानाची, चुका शोधायची आवृत्ती) क्लायंटला दाखवू नका. ते हळू चालतं, आणि एकदा ‘अ‍ॅप अडखळतंय’ असं त्यांच्या मनात बसलं की निघत नाही. वेग बघायचा तर प्रोफाइल किंवा रिलीज बिल्डवर, आणि तोही तुमच्या नव्या फोनवर नाही, केंद्रावरच्या सगळ्यात जुन्या टॅबवर. पूर्वी फ्लटरमध्ये एखादं अ‍ॅनिमेशन पहिल्यांदा चालताना झटका बसायचा, कारण त्याचे शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) आयत्या वेळी कंपाइल व्हायचे. इम्पेलर नावाचं नवं रेंडरिंग इंजिन ते आधीच करून ठेवतं. आयफोनवर ते २०२३ पासून मूळचंच चालू असतं, बहुतेक अँड्रॉइडवर २०२४ च्या शेवटापासून. त्यामुळे जुन्या लेखांतल्या त्या तक्रारी आता तितक्या लागू नाहीत.

आता मराठीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे कुठेच मिळत नाही. फ्लटर अक्षरं स्वतः रंगवतं, तरी जोडाक्षरं नीट येतात, त्याची काळजी नको. पण अ‍ॅपची लोकेल (भाषेची सेटिंग) ‘एमआर’, म्हणजे मराठी, ठेवायला विसरू नका. चांगल्या देवनागरी फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि भाषा मराठी आहे हे कळल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. हिंदी वळणाचा ल कुणाला खटकत नाही असं वाटेल, पण पावतीवर स्वतःचं आडनाव वाचणाऱ्या माणसाला खटकतो.

लोकेल मराठी केली की इन्टल पॅकेज (आकडे-तारखा भाषेप्रमाणे मांडणारं) आकडे देवनागरीत देऊ लागतं आणि लाखाचे स्वल्पविरामही बरोबर टाकतं. छान दिसतं. मग कुणीतरी तोच ‘३५.५०’ मजकूर परत डबल-पार्सला (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) देतं आणि एरर येते, कारण डार्टला तिथे इंग्रजी अंकच लागतात. म्हणून आतले हिशेब आणि एक्सेलला जाणाऱ्या फाइली इंग्रजी अंकांत, देवनागरी फक्त डोळ्यांना दिसेल तिथे. रकमाही डबलमध्ये (दशांशाच्या प्रकारात) साठवू नका, रुपयांचे पैसे करून पूर्णांक ठेवा.

सभासदांची यादी आडनावाने लावायची तर आणखी एक गंमत आहे. डार्टची साधी तुलना युनिकोडच्या क्रमाने चालते आणि त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो. त्यामुळे काळे हे कासारांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतरचा, म्हणून वहीत कासार आधी असतात. सचिवांनी हयातभर वही सांभाळलेली असते, त्यांना हे लगेच दिसतं. त्यासाठी तुलनेचं फंक्शन स्वतः लिहावं लागतं, आणि तिथेच क्ष, ज्ञ यांचाही निकाल लावून टाकावा.

बटणांची रुंदी ठरवून टाकू नका. ‘सेव्ह’ मावतं तिथे ‘नोंद जतन करा’ मावत नाही, आणि डिबगमध्ये कडेला पिवळे-काळे पट्टे दिसू लागतात. रिलीजमध्ये ते पट्टे दिसत नाहीत, मजकूर नुसता कडेबाहेर जातो किंवा कापला जातो. म्हणजे पट्टे दिसले तर उपकारच समजायचे.

आता मुख्य गोष्ट, प्रिंटर. पावती मराठीत हवी ही अट सगळ्यांचीच असते. केंद्रावर दोन इंची थर्मल प्रिंटर असतो: ५८ मिलिमीटरचा कागद आणि एका ओळीत ३८४ ठिपके. अशा स्वस्त प्रिंटरांत देवनागरी बहुधा नसतेच, आणि असली तरी वेलांटी-रफार जागेवर बसतील याचा भरवसा नाही. यावर चालणारा उपाय असा, की पावती मजकूर म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवायची. इथे फ्लटर फार कामाला येतं. जे इंजिन स्क्रीन रंगवतं त्याच इंजिनाला ३८४ ठिपके रुंदीचा कॅनव्हास द्यायचा, त्यावर पावती काढायची, तिचं काळं-पांढरं चित्र करायचं आणि त्याचे बाइट प्रिंटरला द्यायचे. स्क्रीनवर जसं दिसतं तसंच कागदावर येतं. रांग मोठी असेल तर हे रूपांतर वेगळ्या आयसोलेटमध्ये (डार्टमधला थ्रेडसारखा प्रकार) करा, नाहीतर प्रत्येक पावतीला स्क्रीन क्षणभर गोठते.

इथवर कोड एकच आहे. पुढे रस्ते वेगळे होतात. हे प्रिंटर बहुतेक जुन्या पद्धतीच्या क्लासिक ब्लूटूथवर चालतात. अँड्रॉइडवर सरळ जोडता येतात, फक्त अँड्रॉइड १२ पासून स्कॅन आणि कनेक्टच्या वेगळ्या परवानग्या मागाव्या लागतात. आयफोनमध्ये मात्र अ‍ॅपला क्लासिक ब्लूटूथवरून उपकरणाशी असा संवाद करायचा तर त्या उपकरणाला अ‍ॅपलचं एमएफआय प्रमाणपत्र लागतं, आणि स्वस्त प्रिंटरांकडे ते सहसा नसतं. लो एनर्जी ब्लूटूथचा प्रिंटर घेतला तर जमतं. यात फ्लटरचा दोष नाही, रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्येही (जावास्क्रिप्टमधलं असंच साधन) तेच, स्विफ्टमध्येही (आयफोनची स्वतःची भाषा) तेच. पण ‘एकच कोड दोन्हीकडे’ हे ऐकून आलेल्या क्लायंटला ते समजावणं हे तुमचं काम असतं.

फॅट मशीनचंही तसंच. त्यातून आकडे सीरियल पोर्टने बाहेर पडतात. यूएसबी कन्व्हर्टर आणि ओटीजी केबल लावून अँड्रॉइड टॅब ते वाचू शकतो. आम्हाला त्यासाठी थोडा कोटलिन (अँड्रॉइडची भाषा) कोड लिहून प्लॅटफॉर्म चॅनेलने, म्हणजे फोनचा मूळ कोड आणि डार्ट यांमधल्या पुलाने, डार्टशी जोडावा लागला. हुकूम द्यायला मेथड चॅनेल, सतत येणारे आकडे घ्यायला इव्हेंट चॅनेल. आकडे अर्धवट तुकड्यांत येतात, ओळ पूर्ण होईपर्यंत साठवून मगच वाचायचे, नाहीतर ३.८ फॅटचं ३ होतं आणि सभासद भांडायला उभा राहतो. आणि ते भांडण रास्त असतं, गाईच्या दुधाचा दरच मुळी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, एकेका पॉइंटला पैसे आहेत. तुम्हाला जावा येतं हे इथे उपयोगी पडेल. फ्लटर शिकलं की अँड्रॉइड शिकावं लागत नाही, असं कोर्सवाले सांगतात ते खरं नाही.

शेवटी आम्ही काऊंटरवरचं अ‍ॅप फक्त अँड्रॉइडवर ठेवलं आणि सभासदांना खातं बघायचं अ‍ॅप दोन्हीकडे दिलं. दराचा हिशेब, मॉडेल, सर्व्हरशी बोलणं हे दोन्ही अ‍ॅपमध्ये सामाईक आहे. सभासदांच्या अ‍ॅपमध्ये वाचलेलं काम खरोखर निम्म्याच्या आसपास असेल, काऊंटरच्या अ‍ॅपमध्ये ‘वाचलं’ हा शब्दच लागू नाही.

ज्याबद्दल उत्साही व्हिडिओंत बोललं जात नाही ते म्हणजे पुढची वर्षं. २०२३ मध्ये डार्ट ३ आली आणि नल सेफ्टी (रिकाम्या मूल्यांची आधीच होणारी तपासणी) नसलेला जुना कोड बंद पडला. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइनची (बिल्ड करणाऱ्या साधनाची) ८ आवृत्ती आली, तिला प्रत्येक मॉड्यूलमध्ये नेमस्पेस (त्या मॉड्यूलची नाव-ओळख) लिहिलेला लागतो. ज्यांनी तो लिहिला नव्हता अशा प्लगइनांमुळे बिल्डच होईना. २०२५ मध्ये प्लगइन जोडण्याची सगळ्यात जुनी पद्धत फ्लटरने काढून टाकली, परत काही प्लगइन गळाली. वर प्ले स्टोअरची टार्गेट एपीआय (कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) वाढवायची अट दरवर्षी असते. तुमच्या कोडमध्ये एक ओळ न बदलताही अ‍ॅप जुनं होतं. आम्ही वापरत असलेलं एक ब्लूटूथचं पॅकेज त्याच्या लेखकाने सोडून दिलं, शेवटी त्याची कॉपी करून आम्हीच सांभाळतोय. म्हणून पब डॉट डेव्हवर (डार्टच्या पॅकेजांच्या साइटवर) पॅकेज घेताना लाइक किती यापेक्षा शेवटचं अपडेट कधीचं आणि उघडे इश्यू कसले, हे बघा. आणि क्लायंटकडून वार्षिक देखभालीचे पैसे आधीच ठरवून घ्या.

स्टेट मॅनेजमेंटवरून, म्हणजे स्क्रीनवरची बदलती माहिती कशी सांभाळायची यावरून, लोक हातघाईवर येतात: प्रोव्हायडर, ब्लॉक, रिव्हरपॉड, गेटएक्स. पहिल्या अ‍ॅपला सेटस्टेट आणि प्रोव्हायडर पुरतं. बाकी वाद चहाबरोबर.

आयफोनच्या दिसण्याबद्दल एक. फ्लटर बटणं स्वतः रंगवतं, फोनची घेत नाही. त्यामुळे अ‍ॅपलने आयओएस २६ मध्ये काचेसारखं नवं रूप आणलं तरी फ्लटरच्या अ‍ॅपमध्ये ते आपोआप येत नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह फोनचे मूळ घटक वापरतं, तिथे बरंचसं आपसूक येतं. दूध सभासदांना याचं सोयरसुतक नाही, पण तुमचा क्लायंट मुंबईतला एखादा डिझायनर असेल तर आधी बोलून घ्या. नोकरी हाच हेतू असेल आणि जावास्क्रिप्ट येत असेल तर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह धरा, वेबची कामंही मिळतात. जावावाल्याने कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मवरही (एकच कोटलिन कोड दोन्हीकडे वापरायची सोय) नजर टाकावी. ते २०२३ च्या शेवटी स्थिर झालं आणि त्यात स्क्रीन हवे तर दोन्हीकडे वेगळे ठेवता येतात.

राहिला तुमचा लॅपटॉप आणि खर्च. ८ जीबीत अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर एकत्र चालवलेत तर हाल होतील. व्हीएस कोड घ्या आणि यूएसबीने खरा फोन जोडा. आयफोनचं बिल्ड विंडोजवर होत नाही, त्याला मॅक लागतोच: स्वतःचा, मित्राचा किंवा क्लाउडवर भाड्याने. अ‍ॅपलची डेव्हलपर फी वर्षाला ९९ डॉलर, गुगलची एकदाच २५. गुगलचं नवं वैयक्तिक खातं काढलंत तर अ‍ॅप खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. क्लायंट संस्था असेल तर दोन्ही खाती तिच्याच नावाने काढायला लावा, फीही तिनेच भरावी. अ‍ॅपला काही छापायचं, मोजायचं किंवा स्कॅन करायचं असेल, तर ते यंत्र दोन दिवस घरी आणून तुमच्या फोनला जोडून बघा आणि मगच रक्कम सांगा.