कॅथलिक फादरांना निष्ठेची शपथ घ्यावी लागते का? मग त्यांना स्वतःचं मत उरतं का?

घ्यावी लागते. पण "मत उरतं का" हे वाचून राहवलं नाही, कारण हा टोमणा आमच्या घरात बरीच वर्षं चालू आहे.

माझा थोरला भाऊ फादर आहे, आम्ही वसईकडचे. तो पहिल्यांदा प्रमुख धर्मगुरू झाला तेव्हा भर मिस्सात शुभवर्तमानाच्या पुस्तकावर उजवा हात, डाव्या हातात कागद, एक पोरगं माइक धरून उभं, आणि दादा आधी श्रद्धेचा अंगीकार आणि मग शपथ असं सगळं वाचत होता, मधे पान उलटायला हातच मोकळा नाही म्हणून त्या पोरानेच उलटलं. आई रडत होती. नंतर जेवताना दाजी, आमच्या बहिणीचे मिस्टर, सगळ्यांसमोर म्हणाले, "झालं, आता मेंदू बिशपांच्या कपाटात." दादा हसला आणि सुरमईची तुकडी वाढून घेतली. मला मात्र ते आजही डाचतं.

दाजींच्या डोक्यात जी शपथ आहे ती जुनी. दहाव्या पायस पोपनी 1910 मध्ये आधुनिकतावादाविरुद्धची शपथ आणली, बायबलचा इतिहास म्हणून अभ्यास करणाऱ्यांचा धसकाच घेतला होता रोमने. ती सरळसरळ घाबरून काढलेली होती, माझं स्पष्ट मत. जर्मनीत सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना त्यातून सूट मिळाली, खेड्यातल्या साध्या फादरला नाही, यातच काय ते समजा. 1967 मध्ये ती गेली.

आत्ताची 1989 पासूनची. डीकन (फादर होण्याच्या आधीची पायरी) होण्याआधी, पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीचा, चार्ज घेताना, सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, थिऑलॉजी शिकवायला लागताना घ्यायची. तिच्याआधी वाचतात त्या श्रद्धेच्या अंगीकारात क्रीडनंतर (आमच्या श्रद्धेचा ठरलेला मजकूर) तीन परिच्छेद आहेत आणि तिन्हींचं वजन वेगळं, हे कोणी बघतच नाही. पहिला देवाने प्रकट केलेलं सत्य, त्यावर श्रद्धा. दुसरा चर्चने कायमचं ठरवून टाकलेलं. 1998 मध्ये रोमने याची उदाहरणं दिली त्यात बायकांना गुरुदीक्षा नाही हे आहे, आणि अँग्लिकन पाद्र्यांची दीक्षा वैध नाही हेही आहे! हे दुसरं कशाला लागतं हो वसईच्या फादरला. तिसरा म्हणजे पोप आणि बिशप शिकवतात पण अंतिम म्हणून जाहीर केलेलं नाही ते, तिथे मन आणि बुद्धी नमवायची. खरी खटकणारी जागा ही तिसरी, भांडायचंच तर तिथे भांडा. दादा सुद्धा भांडतो, पण घरात, पुलपिटवरून नाही.

आणि फादर गप्प बसतात ते शपथेमुळे कमी, बदलीच्या ऑर्डरमुळे जास्त, हे कुठल्याही पॅरिशमध्ये विचारा.

हां, दीक्षेच्या वेळी बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतात ते वेगळं, जेझुइट वगैरे संघांची व्रतं त्याहून वेगळी, गल्लत करू नका. मी काही कॅनन लॉ शिकलेलो नाही, घरात कागद आला तो वाचला एवढंच.

दाजी इथे असतात, वाचतीलच. तुम्ही बँकेत लागताना निष्ठा आणि गुप्ततेच्या कागदावर सही केली होती ना? मग मॅनेजरला शिव्या कोण घालायचं रोज रात्री आमच्या ओट्यावर बसून?