टाल्क घातलं की हायब्रिड झालं का?

प्रश्न : सातपूरला माझं छोटं मोल्डिंग युनिट आहे. दोन मशिनी, बादल्या आणि प्लास्टिकचे मग काढतो. पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) दाण्यात टाल्क घालतो, कधी कॅल्शियम कार्बोनेट. माझी भाची पुण्यात पीएचडी करते. ती म्हणते, "मामा, मी सिलिकाच्या कणांवर पॉलिमरचे केस उगवते, कंट्रोल्ड रॅडिकल पॉलिमरायझेशनने. त्याला हायब्रिड म्हणतात." मी म्हटलं, दगडाची पूड आणि प्लास्टिक एकत्र केलं की हायब्रिड, मग ते मी वीस वर्षं करतोय! ती नुसती हसली. उत्तर तुम्ही द्या. – एक वाचक, नाशिक

उत्तर : भाचीने हसायला नको होतं, प्रश्न चांगला आहे. तुमच्या टाल्कचा कण काही मायक्रॉनचा. तिचा सिलिकाचा कण २० नॅनोमीटरचा धरू, म्हणजे शंभरेक पटीने लहान. एवढी बारीक पूड तुम्ही हॉपरमध्ये ओतलीत तर ती सुटी राहणारच नाही. सिलिकाच्या अंगाला पाण्याची ओढ, पीपीला पाण्याचं वावडं. कण एकमेकांनाच बिलगतात आणि पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात. मग वस्तू नेमकी गुठळीपाशी तडकते.

म्हणून कणालाच केस, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या, लावायचे, की तो प्लास्टिकमध्ये परका राहत नाही. भाची हायब्रिड म्हणते ते हे, तुमचं नुसतं मिश्रण. तयार साखळ्या आणून चिकटवता येतात, पण आधी चिकटलेल्या साखळ्या जागा अडवतात आणि मागच्यांना आत शिरता येत नाही. त्यापेक्षा कणाच्या पृष्ठभागावर टोकाला ब्रोमीन असलेला छोटा रेणू बसवायचा आणि साखळी तिथूनच वाढवायची.

आता 'कंट्रोल्ड'. रॅडिकल म्हणजे साखळीचं एकटा इलेक्ट्रॉन असलेलं, जोडीदार शोधणारं टोक. नेहमीच्या रॅडिकल पॉलिमरायझेशनमध्ये एक साखळी जेमतेम सेकंदभर जगते. तेवढ्यात हजारभर मॉनोमर (साखळीचे सुटे दुवे) गिळते आणि दुसऱ्या रॅडिकलला धडकून संपते. कोणी आत्ता सुरू झाली, कोणी तासाभराने. लांबीला काही धरबंधच नाही. तिची पद्धत पंगतीसारखी आहे. सगळे एकदम बसले, प्रत्येकाने ताटावर हात आडवा धरलेला. हा हात म्हणजे ब्रोमीन. तांबं हा वाढपी. तो आग्रह करून हात बाजूला करतो, दोन-चार जिलब्या पडतात, की हात पुन्हा आडवा. असं तासन्‌तास चालतं. कोणत्याही क्षणी हात काढलेली मंडळी फारच थोडी, त्यामुळे हात काढलेल्या दोन साखळ्या एकमेकींना भेटण्याचा योग क्वचित येतो, आणि शेवटी सगळ्यांच्या पोटात साधारण सारख्याच जिलब्या. साखळ्यांच्या लांबीतली तफावत मोजायचा एक आकडा असतो. सगळ्या तंतोतंत सारख्या असतील तर तो १. जुन्या पद्धतीत तो दीड-दोन किंवा त्याहून जास्त येतो, हिच्यात १.१ ते १.२.

१९९५ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात माट्याशेव्स्की आणि वांग यांनी हे तांब्याने करून दाखवलं. त्याच वर्षी जपानमध्ये सावामोतोंच्या गटाने रुथेनियमने. रसायनशास्त्रातली नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला आता 'कंट्रोल्ड' हा शब्द पसंत नाही, तिने २०१० मध्ये एक लांबलचक नाव सुचवलं. प्रबंधात भाचीने ते लिहावं. मी जुनंच वापरते.

'क्वचित' म्हटलं ना, त्या क्वचितनेच मला एकदा धडा शिकवला. २००१ चा डिसेंबर. सिलिकावर स्टायरीन (पॉलिस्टायरीनचा मॉनोमर) लावलं, ऑइल बाथ ९० अंशांवर ठेवला आणि रात्री घरी गेले. सकाळी फ्लास्क उलटा केला तरी आतलं काही हललं नाही. चुंबकाची कांडी जेलीत रुतून बसलेली. हिशेब नंतर केला. २० नॅनोमीटरच्या गोळ्याचं क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस नॅनोमीटर. दर दोन चौरस नॅनोमीटरला एक साखळी धरली तरी एका कणावर सहाशेच्या वर साखळ्या. त्यातल्या अर्धा टक्का, म्हणजे तीनच, शेजारच्या कणांवरच्या साखळ्यांशी जोडल्या गेल्या तरी भांडंभर जाळं तयार! सुट्या साखळ्यांत एवढ्या चुकीचा पत्ताही लागला नसता. आमचे सर म्हणाले, "हाव केलीस." तेव्हापासून मी मॉनोमर भरपूर घ्यायचे आणि त्यातलं दहा-पंधरा टक्के संपलं की थांबायचे. उरलेलं वाया जायचं, पण कण सुटे मिळायचे.

केसांची लांबी कशी मोजतात हे तुम्हाला आवडेल. हायड्रोफ्लुओरिक आम्लात सिलिका विरघळवतात, मोकळ्या झालेल्या साखळ्या मोजतात. हे आम्ल काच खातं, म्हणून काम तुमच्याच पीपीच्या डबीत करायचं. (भाचीला विचारा, कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवते ना? नसेल तर रागवा.)

आणखी एक सोय, जी तुमच्या टाल्कला कधीच जमणार नाही. काम थांबलं तरी बहुतेक साखळ्यांच्या टोकाला ब्रोमीन शिल्लक असतो. कण धुऊन दुसरा मॉनोमर द्या, त्याच टोकावरून पुढे वाढ. आतून कडक पॉलिस्टायरीन, बाहेरून मऊ ब्युटाइल ॲक्रिलेट. दोघांचं पटत नाही पण गाठ सुटत नाही, म्हणून दहा-वीस नॅनोमीटरच्या पट्ट्या पाडून शेजारी-शेजारी राहतात. नॅनोस्ट्रक्चर म्हणतात ते हे.

बादलीला यातलं काही नको. सुरुवातीच्या पाककृतींत तांबं इतकं लागायचं की माल हिरवट निघायचा आणि ते ॲल्युमिनाच्या पुडीतून गाळून काढावं लागे. २००५-०६ च्या सुमारास क जीवनसत्त्वासारखा पदार्थ घालून वाढप्याला पुन्हा पुन्हा ताजंतवानं करायची युक्ती निघाली, तेव्हा तांबं दहा लाखांत काही भागांवर आलं. जपानची कानेका कंपनी या रसायनाने सीलंटसाठी पॉलिमर बनवते. तिथे किलोला मिळणारा भाव वेगळा. तुम्ही टाल्कच घाला.

प्रश्न : याच तांब्याच्या पद्धतीने कॉपर ब्रोमाइड आणि बायपिरिडीन (तांब्याला धरून ठेवणारा रेणू) घेऊन स्टायरीन लावते. गडद तपकिरी रंग येतो, पण तासाभरात हिरवा पडतो आणि पॉलिमर मिळतच नाही. नायट्रोजन अर्धा तास सोडला होता. – एमएस्सीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : हवा शिरली. हिरवा म्हणजे तांबं ऑक्सिडाइझ झालं. नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर विसंबू नका. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, पंपाने ओढा, वितळवा, असं तीनदा. रबरी बूच किती वेळा टोचलंय ते बघा. कॉपर ब्रोमाइड पांढरं हवं. बाटलीतलं हिरवट असेल तर ग्लेशिअल ॲसेटिक आम्लाने धुवा, मग इथेनॉलने, आणि व्हॅक्यूममध्ये सुकवा. स्टायरीन ॲल्युमिनातून काढा, म्हणजे साठवताना त्यात घातलेला पॉलिमरायझेशन रोखणारा पदार्थ निघून जाईल. कालच काढलेलं असलं तरी आज पुन्हा.