वाचकांचे प्रश्न : मोड निवडण्याआधी टीव्ही बघा

या वेळच्या पत्रांत ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशात मोकळं फिरायच्या, गेमच्या सेटिंगचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. त्यातले निम्मे प्रश्न गेमचे नाहीतच. ते टीव्हीचे, खोलीचे आणि लाईटचे आहेत. म्हणून उत्तरंही तशीच दिली आहेत.

प्रश्न : घरी पीएस 5 आणि 43 इंची 4के टीव्ही आहे. गेमच्या मेनूत ‘परफॉर्मन्स’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन मोड दिसतात. मित्र म्हणतात, 4के टीव्ही घेतलाय तर क्वालिटीच लाव, नाहीतर पैसे पाण्यात. काय करू? (अमळनेर)

परफॉर्मन्स लावा. पैसे पाण्यात जात नाहीत, आणि त्याचा हिशोब करता येतो.

43 इंची टीव्हीची रुंदी साधारण 95 सेंटीमीटर असते. 1080पी चित्रात आडवे 1920 ठिपके, म्हणजे एक ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटर. आपल्याकडे बैठकीच्या खोलीत सोफा आणि टीव्ही यांत आठेक फूट अंतर असतं. तेवढ्या अंतरावरून निरोगी डोळ्याला जेमतेम पाऊण मिलिमीटरचा फरक वेगळा ओळखता येतो. म्हणजे 1080पीचेच ठिपके तुम्हाला सुटे दिसत नाहीत, तर 4केचे कुठून दिसणार? परफॉर्मन्स मोडमध्ये चित्र बहुतेक वेळा 1080पी आणि 4केच्या मध्ये कुठेतरी असतं. लांबची झाडं, तारांची कुंपणं, गवताची पाती जराशी थरथरतात. टीव्हीला नाक लावून बसलात तर हे दिसेल, सोफ्यावरून नाही.

आता दुसरी बाजू. क्वालिटी मोडमध्ये सेकंदाला 30 फ्रेम (चित्रं), म्हणजे एक फ्रेम 33 मिलिसेकंद पडद्यावर थांबते. परफॉर्मन्समध्ये 60 फ्रेम, म्हणजे जवळपास 17 मिलिसेकंद. ओपन वर्ल्ड गेममध्ये तुम्ही सतत कॅमेरा फिरवत असता: घोड्यावरून, गाडीतून, छपरावरून उडी मारताना. चित्र स्थिर असताना जो बारकावा क्वालिटी मोड देतो, तो कॅमेरा फिरला की 30 फ्रेममध्ये फरफटतो. बटण दाबल्यापासून तलवार उचलेपर्यंतचा उशीरही जाणवतो.

अपवाद आहेत. टीव्ही 55 इंची किंवा मोठा असेल, तुम्ही सहा फुटांच्या आत बसत असाल आणि गेम रमतगमत फिरायचा असेल, तर क्वालिटी लावून बघायला हरकत नाही. काही गेममध्ये मधला रस्ता असतो. 2022मध्ये आलेल्या ‘जीटीए 5’च्या पीएस 5 आवृत्तीत ‘फिडेलिटी’, ‘परफॉर्मन्स’ आणि ‘परफॉर्मन्स आरटी’ असे तीन मोड आहेत. तिसऱ्यात 60 फ्रेम राहूनही रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड, सावल्या, प्रतिबिंबं) मिळतं. असा पर्याय दिसला की आधी तो.

आणि ‘परफॉर्मन्स’ लिहिलंय म्हणजे 60 मिळतीलच असं नाही. ‘एल्डन रिंग’ पीएस 5वर परफॉर्मन्स मोडमध्येही 60च्या खाली घसरतो. त्याचीच पीएस 4 आवृत्ती पीएस 5वर लावली तर चित्र थोडं मऊ, पण चाल जास्त स्थिर. सेव्ह मात्र पीएस 4वरून पीएस 5कडे जातो, उलटा येत नाही. त्यामुळे ठरवायचं ते पहिल्या दिवशीच.

दर वेळी गेमच्या मेनूत जाण्याचा कंटाळा येत असेल तर कन्सोलच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सेव्ह्ड डेटा अँड गेम/अॅप सेटिंग्ज’ उघडा, तिथे ‘गेम प्रीसेट्स’मध्ये ‘परफॉर्मन्स मोड’ निवडून ठेवा. जे गेम हे ऐकतात ते पहिल्यापासून त्याच मोडमध्ये सुरू होतात. सगळेच ऐकत नाहीत, म्हणून नवीन गेममध्ये एकदा डोकावायचंच.

मोड बदलल्यावर आणखी चार गोष्टी बघा. फिल्म ग्रेन (चित्रावर मुद्दाम टाकलेले दाणे) आणि क्रोमॅटिक अॅबरेशन (कडांवरची रंगांची झालर) बंद करा, दोन्ही चित्र मळवतात. 60 फ्रेमवर मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) बंद, 30वर मात्र कमी ठेवून चालू, कारण तिथे तोच झटके लपवतो. आणि टीव्हीवर ‘गेम मोड’ लावा. टीव्हीचा ‘स्मूथ मोशन’ चालू असेल तर तो स्वतः बनवलेल्या फ्रेम अधेमध्ये घुसवतो आणि बटणाचा प्रतिसाद आणखी मागे पडतो. परफॉर्मन्स मोड लावून गेम मोड विसरणं म्हणजे बैलगाडीला घोडा जुंपून चाकात दगड अडकवणं.

प्रश्न : काही गेममध्ये ‘40 फ्रेम’ मोड आहे असं ऐकलं. माझ्या मेनूत दिसत नाही. (शहादा)

तुमचा टीव्ही 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा असणार. 120ला 40ने भाग जातो: प्रत्येक फ्रेम बरोबर तीन वेळा दिसते. 60ला 40ने भागलं की दीड येतो, म्हणजे एक फ्रेम दोनदा, पुढची एकदा, आणि चाल लंगडी होते. म्हणून 60 हर्ट्झच्या टीव्हीवर हा पर्याय सहसा दाखवत नाहीत. टीव्हीच्या खोक्यावरच्या ‘मोशन रेट 120’वर जाऊ नका, ती जाहिरातीची भाषा. ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ किती, ते विचारा.

टीव्ही खरंच 120चा असेल तर केबल बरोबर पोर्टमध्ये आहे का बघा. अनेक टीव्हींत एक किंवा दोनच एचडीएमआय पोर्ट 120 हर्ट्झ घेतात, आणि त्यातलाच एक ईआर्कचा (साउंडबारला आवाज नेणारा) असतो, तिथे आधीच साउंडबार बसलेला असतो. पीएस 5च्या खोक्यातली केबल पुरेशी आहे, बाजारातली ‘सोन्याची’ केबल नको. मग ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’, ‘व्हिडिओ आउटपुट’मध्ये 120 हर्ट्झ ‘ऑटोमॅटिक’ करा. जमलं तर हा मोड जरूर वापरा. 40 फ्रेमला एक फ्रेम 25 मिलिसेकंद, म्हणजे वेळेच्या मोजमापात 30 आणि 60च्या बरोबर मध्ये. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’मध्ये तो ‘बॅलन्स्ड’ नावाने आहे.

प्रश्न : एचडीआर चालू केलं की गेममधली रात्र काळीकुट्ट आणि दिवसही फिका. गुहेत तर काहीच दिसत नाही. (चोपडा)

एचडीआर म्हणजे उजेड आणि काळोख यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र. हे याच क्रमाने करा, क्रम बदलला तर सगळं परत करावं लागतं.

आधी टीव्ही. ज्या एचडीएमआय पोर्टला कन्सोल जोडलाय त्याचा सिग्नल ‘एन्हान्स्ड’ करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टीव्हीत याला ‘इनपुट सिग्नल प्लस’, ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ अशी नावं आहेत. मग वीज बचत आणि खोलीतल्या उजेडानुसार चित्र बदलणारा सेन्सर बंद करा. काळ्या रात्रीचं कारण बऱ्याचदा हीच वीज बचत असते आणि दोष एचडीआरवर जातो. ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ (टीव्हीने स्वतः उजेड बदलत राहणं) असेल तर बंद, ‘एचजीआयजी’ (गेमने ठरवलेला उजेड तसाच दाखवणं) असेल तर ते लावा.

मग कन्सोल. ‘व्हिडिओ आउटपुट’मध्ये ‘अॅडजस्ट एचडीआर’. तीन पडदे येतात. पहिल्या दोन पडद्यांत खूण जेमतेम दिसेनाशी होईल तिथे थांबा, त्यापुढे वाढवू नका. वाढवलं तर टीव्हीला जमणार नाही इतका उजेड गेम मागतो, आणि ढगांचा नुसता पांढरा डाग होतो. तिसरा पडदा काळ्याचा, तो शक्य तितका खाली. हे काम ज्या वेळी खेळता त्याच उजेडात करा. दुपारी खिडकी उघडी ठेवून केलेलं माप रात्री उपयोगी नाही.

शेवटी गेम. ‘पेपर व्हाइट’ (साध्या पांढऱ्याचा उजेड) 200च्या आसपास, आणि कमाल उजेड टीव्हीला जमेल तेवढाच.

एवढं करूनही अंधार गेला नाही, तर एचडीआर बंद करा. स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतात, पण त्यांचा उजेड 300 निट्सच्या (निट्स हे उजेडाचं माप) आसपास असतो आणि पडद्याचा एखादा भागच उजळवण्याची सोय नसते. अशा टीव्हीवर साधं एसडीआर (एचडीआर नसलेलं) चित्र सरळ चांगलं दिसतं. एचडीआर ठेवायचंच असेल तर ‘ऑलवेज ऑन’ नको, ‘ऑन व्हेन सपोर्टेड’ ठेवा. नाहीतर जुने गेमही ओढूनताणून एचडीआरमध्ये येतात.

प्रश्न : एक्सबॉक्स सीरिज एस, साधा फुल एचडी टीव्ही. कोणता मोड? (शिरपूर)

मोड असेल तर परफॉर्मन्स. बऱ्याच गेममध्ये सीरिज एसला एकच मोड मिळतो, त्याची मेमरी 10 जीबी आहे, सीरिज एक्सची 16. टीव्ही 1080पी आहे, तर तुम्हाला काही गमवावं लागत नाही. सेटिंग बदलूनही गेम जुन्याच मोडमध्ये उघडला तर दोष ‘क्विक रिझ्यूम’चा, म्हणजे गेम जिथे सोडला तिथूनच उघडण्याच्या सोयीचा. गेमवर मेनूचं बटण दाबून ‘क्विट’ करा, मग उघडा.

प्रश्न : पोऱ्या सुट्टीत दुपारभर खेळतो. उन्हाळ्यात कन्सोलचा पंखा इतका ओरडतो की भीती वाटते. मोड कमी केला तर गरम होणं कमी होईल का? (भुसावळ)

ताई, मोड बदलून फारसा फरक पडणार नाही. क्वालिटी असो की परफॉर्मन्स, चिप दोन्हीत जवळपास पूर्ण जोराने चालते. गंमत अशी की कधीकधी साध्या नकाशाच्या पडद्यावर ती जास्त तापते, कारण तिथे काम कमी आणि फ्रेमला बांध नसतो. ‘होरायझन झीरो डॉन’चा नकाशा उघडला की पीएस 4 प्रोचा पंखा विमानासारखा वाजायचा.

पीएस 5 हा 5 ते 35 अंशांच्या खोलीसाठी बनवलेला आहे. मे महिन्यात बाहेर 44-45 अंश असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी 35च्या आत राहणं अवघड. खेळ सकाळी दहाच्या आत किंवा रात्री. कन्सोल टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा, भिंतीपासून किमान 10 सेंटीमीटर लांब. कपाटात तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो.

कूलरबद्दल वेगळं सांगावं लागेल. खोलीत कूलर चालू द्या, पण त्याचा झोत कन्सोलवर सोडू नका. बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर येतात, आत बसलेल्या धुळीवर पडतात, वाळले की क्षाराचा पांढरा थर उरतो. नुसती धूळ व्हॅक्यूमने निघते, हा थर निघत नाही.

धूळ दोन-तीन महिन्यांनी काढा. जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाच्या हंगामात दर महिन्याला. प्लग काढा, पीएस 5ची पांढरी पाखं सरकवून काढा, आत धूळ साठवायची दोन भोकं दिसतील, तिथे व्हॅक्यूम कमी जोरावर धरा. ब्लोअर वापरायचाच तर पंखा बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. स्क्रू उघडून पुढे जाऊ नका, चिपवर द्रव धातू आहे.

प्रश्न : खेळता खेळता लाईट जाते. इन्व्हर्टर असूनही कन्सोल बंद पडतो. सेव्ह उडेल का? (यावल)

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस / नॉर्मल’ असं बटण असतं. ते बहुधा नॉर्मलवर असेल. नॉर्मलवर बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. पंखा-दिवा तो सहन करतो, कन्सोल करत नाही. ‘यूपीएस’वर करा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर कन्सोल नको.

वेगळा यूपीएस घ्यायचा तर हिशोब असा : गेम चालू असताना पीएस 5 सुमारे 200 वॉट, 43 इंची टीव्ही 80 ते 100, मिळून 300. बाजारातला 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉट देतो, म्हणजे अगदी काठावर. एक केव्हीएचा घ्या. तोही खेळत राहण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी.

सेव्ह उडण्याचा धोका एकाच क्षणी असतो : कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह फिरत असताना लाईट गेली तर. म्हणून ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका, जिथे गेम परवानगी देतो तिथे हाताने तीन वेगवेगळ्या जागी आळीपाळीने सेव्ह करा. एक बिघडला तर मागचा असतो. पीएस 5 गेमचे सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येत नाहीत, क्लाउडला पीएस प्लस लागतं. वळवाच्या दिवसांत रेस्ट मोड वापरू नका, पूर्ण बंद करा. लाईट आल्यावर लगेच चालू करू नका, पाच-दहा मिनिटं दाब स्थिर होऊ द्या.

सुरू झाल्यावर कन्सोल अडखळत असेल तर पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दुसरा बीप येईपर्यंत, सुमारे सात सेकंद दाबून धरा. सेफ मोड उघडतो. कंट्रोलर केबलने जोडा आणि ‘रीबिल्ड डेटाबेस’ निवडा. त्याच यादीत ‘रीसेट’चे पर्यायही आहेत, त्यांना हात लावू नका.

प्रश्न : अर्ध्या तासात डोकं गरगरतं. (पाचोरा)

कॅमेरा शेक आणि मोशन ब्लर बंद, 60 फ्रेमचा मोड चालू, कॅमेऱ्याचा वेग दोन पायऱ्या कमी. ‘सायबरपंक 2077’सारख्या गेममध्ये ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ची पट्टी असते, ती थोडी वाढवा. कंट्रोलर टेबलावर ठेवून कॅमेरा आपोआप सरकतो का तेही बघा. सरकत असेल तर ‘डेड झोन’ (काडी किती हलली तरी गेमने दुर्लक्ष करायचं ती मर्यादा) एकेक पायरी वाढवा आणि सरकणं थांबलं की तिथेच ठेवा. तरीही गरगरलं तर गेम थर्ड पर्सनमधून, म्हणजे कॅमेरा पात्राच्या मागे ठेवून, खेळता येतो का बघा.