धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सोलरचा अभ्यासगट सुरू करताय ना, मग हे वाचा

पहिल्याच मीटिंगला प्रोजेक्टर लावून हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० वरून ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) वर गेला असं सांगायला जाऊ नका, लोक मान हलवतात आणि घरी जातात. आपल्या वसईत त्यापेक्षा म्हाताऱ्यांना बोलतं करा, बावखलं (गावातली छोटी तळी) कुठे होती, विहिरीचं पाणी मचूळ कधी झालं, पाऊस कसा पडायचा, मग आकडे आपोआप कळायला लागतात. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचं परिपत्रक जरूर घ्या पण एका बैठकीत दोन-तीन परिच्छेदच, नाहीतर तरुण पोरं येणं बंद करतात.

आणि हो, प्रत्येकाला घरचं लाइट बिल आणायला सांगा!! खरा अभ्यास तिथेच होतो. एक किलोवॉटच्या सोलर पॅनेलना साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात, हे स्वतःच्या बिलावर मांडून बघितलं की डोक्यात पक्कं बसतं. पॅनेल बसवायला चर्चच्या उतरत्या कौलांपेक्षा हॉलचा स्लॅब बघा, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला वर जाऊन माडाची आणि मनोऱ्याची सावली खडूने आखून घ्या, कारण एका पॅनेलवर सावली आली तरी अख्ख्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं. केंद्र सरकारच्या सूर्यघर (छतावरच्या सोलरच्या) योजनेची ७८,००० रुपयांपर्यंतची सबसिडी घरगुती कनेक्शनला आहे, चर्चच्या हिशेबात ती धरू नका, फादरांना आधीच स्पष्ट सांगा.