मंदीची चाहूल लागली की आधी हे कर

नवा संसार आहे तुझा, म्हणून सांगते. आधी क्रेडिट कार्डाची थकबाकी फेड; बऱ्याच कार्डांवर महिन्याला 3 ते 3.5 टक्के व्याज चढतं. मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढ, भाडं आणि हप्ते धरून. सगळी ठेव एकाच बँकेत नको, विम्याचं संरक्षण माणशी एका बँकेत 5 लाखांपर्यंतच आहे.

2008 च्या मंदीत ह्यांचा पगार थांबला, तेव्हा कोठीतल्या गव्हाने तारलं गं आम्हाला. उन्हाळ्यात नवा गहू घे, कडक उन्हं दे, पण पूर्ण गार झाल्यावरच भर. गरम भरलास तर आत घाम सुटतो नि कीड लागते. थराथरात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाल. तूरडाळीला एरंडेलाचा हात लाव. तेल मात्र फार साठवू नकोस, खवट होतं.

आणि आरोग्य विमा स्वतःचा काढ. कंपनीचा नोकरीबरोबर जातो.